माजघरातली पंधरा फूट तार

आमच्या गल्लीत व्हीसीआर एकच होता आणि तो थोरल्या जाऊबाईंकडे होता. त्यांच्या भावानं दुबईहून आणलेला. टीव्ही मात्र तीन घरांत होते. जाऊबाईंकडे रंगीत, मधल्या घरी चुलत सासरे आणि काकी यांच्याकडे आणि शेवटी आमच्याकडे काळे-पांढरे. देवगाव फाट्यावर टीव्ही दुरुस्तीचं एक दुकान होतं. तिथल्या मेकॅनिकनं जाऊबाईंच्या व्हीसीआरपासून एक काळी जाड तार मधल्या घरात नेली आणि तिथून आमच्याकडे आणून दिली. प्रत्येक घरी चित्राचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची एक डबी बसवली. डबीवर बारीक तांबडा दिवा. जाऊबाईंनी कॅसेट लावली की तिन्ही घरांत एकच चित्र दिसायचं.

चित्र गेलं तर बिघाड शोधायची आमची पद्धत ठरलेली होती. तिन्ही घरच्या बायका आपापल्या माळवदावर चढायच्या.

"जाऊबाई, तुमच्याकडं दिसायलंय का?"

"माझ्याकडं चकचकीत हाय."

"काकी, तुमचा दिवा लागलाय का?"

"दिवा लागलाय, पन मुंग्याच हायेत."

मग जाऊबाई आणि काकी यांच्या मधली तार बघायची. कधी खारीनं कुरतडलेली असायची, कधी कडब्याच्या गाडीनं ओढून नेलेली. मी गावातल्याच शाळेत शिक्षिका होते. बेरीज-वजाबाकीसारखंच होतं हे काम: एकेक घर सोडवत जायचं आणि उरेल तिथं बिघाड. मला ते चांगलं जमायचं, आणि जमतं याचा थोडा तोराही होता.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर व्हायला तेव्हा अजून दोन-तीन वर्षं होती. त्या उन्हाळ्यात आमच्या सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या आणि खुबा मोडला. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो. परभणीला दाखवलं. डॉक्टरांनी पायाला पट्टा बांधला, पट्ट्याला दोरी, दोरीला वजन. सहा आठवडे हलवायचं नाही म्हणाले. काही दिवसांनी घरी आणल्या. माजघरात देवघराच्या बाजूला लोखंडी पलंग टाकला, पायथ्याच्या दांडीवरून दोरी सोडली आणि तिला दोन विटा बांधल्या. कूस बदलायची म्हटली तरी त्या ओरडायच्या. पाचव्या-सहाव्या दिवसापासून छाती भरायला लागली. त्यांचं अन्न कमी झालं. सगळ्यांनी ओळखलं होतं.

एका सकाळी मी त्यांचं अंग पुसत होते. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. भिंतीवर माझ्या धाकट्या दिराचा हार घातलेला फोटो होता. लग्नानंतर वर्षभरानं त्याला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत गेला. त्याची बायको माहेरी गेली ती परत आली नाही.

"पोरी, फोटो चालत न्हाई गं," आत्याबाई म्हणाल्या.

मला कळलं नाही. मी म्हटलं, "काय चालत न्हाई?"

"त्याचं चालनं. डावा पाय भाईर टाकून चालायचा बग. लहानपनी चुलीत पाय गेल्ता, तवापासून. त्या कॅसेटीत चाललाय तो. थोरलीकडं हाय ती. एकदा दाव मला. मग मला काय बी नगं."

लग्नाची ती कॅसेट तो असताना दोनदा लावली होती. तो गेल्यावर कुणी तिला हात लावला नव्हता.

मी त्याच दिवशी जाऊबाईंकडे गेले. कॅसेट द्यायला त्यांनी एका शब्दानं हरकत घेतली नाही. व्हीसीआर मात्र देईनात.

"मागं एका लग्नाला दिल्ता, तर त्याचं हेड गेलं. हे म्हनतेत घराभाईर जाऊ द्यायचा न्हाई. आन तार हाय की तुज्याकडं. टीव्ही न्हे आत्याबाईजवळ, मी हिकडून लावते."

बरोबरच होतं त्यांचं. आमचा टीव्ही पुढच्या बैठकीत होता. तो उचलून माजघरात स्टुलावर ठेवायचा आणि बैठकीतली तार आत वाढवायची, एवढंच काम. आमचे हे सायकलवर फाट्यावर गेले आणि मेकॅनिककडून पंधरा फूट तार, एक जोड आणि तार भिंतीला धरायच्या क्लिपांची पुडी घेऊन आले. मेकॅनिकनं सांगून पाठवलं होतं की क्लिपाच वापरा, खिळे मारू नका. तारेच्या सालीखाली बारीक जाळी असते, तिचा एक केस मधल्या तारेला लागला की खेळ खलास.

तो स्वतः का आला नाही, हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तो बौद्ध होता. परभणीला आयटीआय केलेला, हुशार, हाताला सफाई असलेला. गावातल्या कुणाच्याही टीव्हीला हात लावायचा, पण घरात ओसरी किंवा फार तर बैठकीपर्यंत. माजघराच्या उंबऱ्याच्या आत नाही. आमच्या ओसरीच्या देवळीत त्याच्यासाठी एक कपबशी वेगळी ठेवलेली असायची. चहा झाला की तो ती स्वतः विसळून पालथी घालायचा. त्याची मुलगी माझ्याच वर्गात पहिल्या रांगेत बसायची. हे सगळं इतकं रोजचं होतं की त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

तार मी स्वतः बसवली. बैठकीतून उंबऱ्यावरून आत, भिंतीच्या कडेनं, मग ज्वारीच्या कणगीच्या मागून टीव्हीपर्यंत. कणगी भरलेली होती. ती हलवायला चार गडी लागले असते. भिंत आणि कणगी यांच्यामध्ये हात जाईल एवढीच फट. तिथं पोचेपर्यंत क्लिपा संपल्या. आणखी दोन लागत होत्या. शाळेची वेळ झाली होती. मी डब्यातले दोन खिळे घेतले, फटीत हात घालून अंदाजानं तारेच्या शेजारी ठोकले आणि तारेवर वाकवले.

संध्याकाळी माळवदावरून आवाज दिला. जाऊबाईंनी कॅसेट लावली. आमच्या टीव्हीवर मुंग्या, नुसत्या मुंग्या. आत कुठंतरी सनई वाजल्यासारखी खरखर. तेवढ्यात काकीही ओरडल्या, "अगं, माझ्याकडचं बी गेलं की. तुजी तार जोडली आन माझ्याकडं मुंग्या आल्या."

"मी काढते, बगा आता."

"आता आलं."

म्हणजे बिघाड माझ्याच घरात. मी टीव्ही परत बैठकीत आणून जुन्या तारेला लावला. चित्र लख्ख. म्हणजे टीव्ही चांगला, बूस्टर चांगला. उरली ती माजघरातली पंधरा फूट. दुसऱ्या दिवशी यांनी मेकॅनिकला बोलावून आणलं.

तो लुनावर आला. आधी जाऊबाईंकडचं बघितलं, मग काकींकडचं, मग आमच्या ओसरीवर चढला. बैठकीत येऊन उंबऱ्याजवळ उकिडवा बसला. माझी तार जोडातून सोडवली आणि मीटरच्या दोन काड्या तिच्या टोकाला लावल्या.

"उंबऱ्यापर्यंत काय बी झालं न्हाई वैनी. पुढं शॉर्ट हाय."

"पुढं मंजी?"

"आत."

आम्ही तिघंही उंबऱ्याकडे बघत राहिलो. आतून आत्याबाईंनी विचारलं, "कोन आलंय गं?"

"टीव्हीवाला आलाय."

"त्याला भाईरच बसीव. देव हायेत हितं."

"भाईरच बसलोय, आजी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तुमी लवकर बऱ्या व्हा. न्हाईतर सूनबाई माजं दुकान बंद करतेत, सगळी दुरुस्ती त्याच करायल्यात."

आत्याबाई आतून हसल्या, मग खोकल्या. बराच वेळ खोकत राहिल्या.

त्यानं मला विचारलं, "सगळ्या क्लिपाच मारल्या ना?"

"क्लिपाच," मी म्हटलं.

का म्हटलं? त्याच्यासमोर ओबडधोबड काम केल्याचं कबूल करायचं नव्हतं, एवढंच. शिवाय माझी खात्री होती की खिळे तारेच्या शेजारून गेलेत, तारेतून नाही.

"मग एकदा आत जाऊन शेवटापर्यंत तारेवरून हात फिरवा. कुठं दबलीय का बगा."

मी आत गेले. उंबऱ्यापासून कणगीपर्यंत बघितलं. कणगीमागं हात घालायचा तर आत्याबाईंचा पलंग वीतभर सरकवावा लागला असता, कारण तार बसवून झाल्यावर टीव्ही समोर यावा म्हणून तो कणगीला टेकवला होता, आणि तेव्हाच त्या केवढ्या ओरडल्या होत्या. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी बाहेर येऊन सांगितलं, "सगळी बघितली. कुठं दबलेली न्हाई."

तो मीटर पिशवीत ठेवता ठेवता म्हणाला, "मग तारच खराब निघाली असंल. मी दुसरी आनतो. माझ्याकडं संपलीय, परभणीहून आनावी लागंल. गुरुवारी जानार हाय."

या आत, दोन मिनिटं बघा, असं म्हणायचं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी यांच्याकडे बघितलं. ते लुनाकडे बघत होते. तो आत आला असता तर आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नसत्या, आणि त्यांच्या पोटात दोन घास जाणं हे तेव्हा माझ्यापुढचं रोजचं काम होतं. म्हणून मी बोलले नाही. हे कारण खरं आहे. तरी नंतर मला दिसलं की आत्याबाईंना आम्ही कुणीच सरळ विचारलं नव्हतं. हा माणूस दोन मिनिटं आत आला तर तुमचा मुलगा चालताना दिसेल, येऊ देऊ का, असं. त्या काय म्हणाल्या असत्या मला माहीत नाही. बाहेर बसव म्हणाल्या तेव्हा तो कशासाठी आलाय हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. टीव्हीवाला आलाय, एवढंच मी सांगितलं होतं.

गुरुवार आला, गेला. शुक्रवारी हे फाट्यावर जाऊन आले. दुकानाला कुलूप. शेजारच्या हॉटेलवाल्यानं सांगितलं की तो नामांतराच्या मोर्चाला गेला होता, तिथं पकडलंय, कधी सुटेल सांगता येत नाही.

जाऊबाई म्हणाल्या, "ह्याला बी आताच मोर्चा सुचायला पायजे."

यांनी सेलूला माणूस पाठवून तार आणायचं ठरवलं. पण त्याच शनिवारी आत्याबाईंचा ताप चढला. डॉक्टर येऊन गेले, इंजेक्शन दिलं आणि यांना ओसरीवर नेऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं. हे आत आले आणि मला म्हणाले, "हाय तशी लाव."

हाय तशी लावली. काकींना म्हटलं, तुमच्याकडं मुंग्या येतील, थोडा वेळ सोसा. त्या म्हणाल्या, "मी टीव्हीच बंद करते. मला काय करायचंय." जाऊबाईंनी कॅसेट सुरू केली. दुपारचे चार वाजले असतील. मी आत्याबाईंच्या पाठीला उशी लावली आणि चष्मा घातला. पडद्यावर मुंग्यांची खळबळ, तिच्यात मधूनमधून काळ्या-पांढऱ्या आकृती हलत होत्या. बँडचा आवाज तुटक तुटक.

मी बटणं फिरवत राहिले. थोडा वेळ चित्र जरा थांबलं. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघालेला असावा. आमच्याकडे नवरदेव आधी मारुतीला जातो. एक उंच पांढरा आकार होता, आणि त्याच्या पुढं फेटा बांधलेला एक माणूस चालत होता.

आत्याबाई जराशा वर झाल्या. "त्योच का गं?"

मी बघितलं. चेहरा नव्हताच. एक फेटा आणि दोन पाय.

"त्योच," मी म्हटलं.

"पाय टाकायलाय का भाईर?"

"टाकायलाय. डावा."

"मला नीट दिसंना."

"टाकायलाय आत्याबाई. मला दिसायलंय."

त्यांनी दोन्ही हात उचलले. पडद्यावरच्या त्या माणसाकडे हात करून ते स्वतःच्या कानशिलांवर आणले आणि बोटं मोडली. कडकड आवाज झाला. माझ्या लग्नात त्यांनी माझी अशीच दृष्ट काढली होती. मग त्या मागं टेकल्या आणि डोळे मिटले. गालावरून पाणी वाहत होतं, मी पदरानं पुसलं. पडद्यावर पुन्हा नुसत्या मुंग्या झाल्या.

"झालं का समाधान?" यांनी विचारलं.

त्यांनी मान हलवली. थकल्या होत्या. मी माळवदावर गेले आणि ओरडले, "जाऊबाई, बंद करा. झालं बघून."

आत्याबाई सोमवारी सकाळी गेल्या. विटा मीच सोडल्या.

चौदाव्याचं जेवण झाल्यावर दोन दिवसांनी मेकॅनिक आला. दाढी वाढलेली, एका डोळ्याखाली काळं पडलेलं. हातात नव्या तारेचं वेटोळं होतं. ओसरीच्या पायरीशी उभा राहून म्हणाला, "सुटल्यावर कळलं. मी गुरुवारीच आनली असती. जमलं न्हाई." यांनी त्याच्या डोळ्याकडे बघितलं. मग हे म्हणाले, "या आत."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग चपला काढल्या, ओसरी ओलांडली, बैठक ओलांडली आणि उंबऱ्यावरून आत आला. पलंग तेव्हा हलवलेला होता. तो तारेवरून हात फिरवत कणगीपर्यंत गेला, फटीत हात घातला आणि थांबला. खिशातून पक्कड काढली, आत घातली आणि ओढली. हातावर खिळा घेऊन बाहेर आला. मग पुन्हा हात घालून दुसराही काढला. दोन मिनिटंही लागली नाहीत.

"हा मधून गेल्ता," पहिला खिळा दाखवत तो म्हणाला. एवढंच. मी क्लिपाच म्हणाले होते, याची त्यानं आठवण काढली नाही. तारेचा तेवढा तुकडा कापला, जाळी मागं सारली, नीट जोड दिला. "लावायला सांगा, बघू."

मी माळवदावर जाऊन आवाज दिला. जाऊबाईंनी मशीन सुरू केलं. आत लग्नाचीच कॅसेट होती, ती मी थांबवली होती तिथूनच सुरू झाली. त्या दिवसापासून कुणी ती काढलीच नव्हती. यांनी सांगितलं, थोडी मागं घ्यायला सांग. मी सांगितलं.

चित्र लख्ख आलं. परण्या. उंच पांढरा आकार घोडी होती. माझा दीर घोडीवर बसलेला होता, तोंडावर मुंडावळ्या. पुढं फेटा बांधून चालत होता तो घोडीवाला. लगाम धरून, पान खात, दोन्ही पाय सरळ टाकत.

कॅसेट पुढं गेली. मी जिथं बंद करा म्हणून ओरडले होते ती जागा गेली. त्यानंतर मारुतीचं देऊळ आलं. दीर घोडीवरून उतरला, पाया पडला आणि पायऱ्या उतरून मांडवाकडे चालत निघाला. डावा पाय बाहेर.

मेकॅनिक दाराशी उभा होता. तो हळू म्हणाला, "धाकटे मालक. फाट्यावर लांबून वळखू यायचे, चालन्यावरून."

हे बाहेर निघून गेले. मी बघत राहिले. आठ पावलं आहेत. मग तो मांडवात शिरतो आणि माणसांत दिसेनासा होतो. मी ओरडले त्यापासून त्या पावलांपर्यंत किती वेळ आहे, तेही नंतर एकदा लावून बघितलं. एक चहा पिऊन होईल, एवढाच.